तिरकी रेघ: सोय की आळस?

कानामात्रा: मे महिन्याच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, '५/६ रोजी पाणी बंद.' निम्म्यांनी पाच जून धरलं, निम्म्यांनी पाच आणि सहा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दोन दिवस पुरेल इतकी पिंपं भरली. लिहिणाऱ्याने कंटाळा केला की निस्तरायचं वाचणाऱ्याने! अर्जातही तेच, 'मी राहणार/री', 'केला/केली/केले'. सरळ 'अर्जदाराचा पत्ता' लिहा, काम भागतं.

बांधावरून: रेघच नको म्हणता, मग सातबाऱ्याचं काय? गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, १२ ही पिकांची नोंदवही, दोन्ही एका कागदावर म्हणून ७/१२. सर्व्हे नंबर ४५ चे हिस्से पडले की ४५/१, ४५/२, पुढच्या पिढीत ४५/२/अ. भाऊबंदकी किती खोल गेली ते रेघा मोजून कळतं. कचेरीत सगळे 'पंचेचाळीस ऑब्लिक दोन' म्हणतात, कुणाचा घोटाळा होत नाही.

कानामात्रा: ते आकड्यांचं झालं हो. मी शब्दांबद्दल बोलतोय.

जमाखर्च: आकड्यांवरून आठवलं. '५००/-' मधली रेघ इंग्रजांच्या हिशेबातली. शिलिंग आणि पेन्स यांच्या मध्ये ती असायची. ५/- म्हणजे पाच शिलिंग, वर पेन्स काही नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले, तरी चेकवर रेघ आहेच. पुढे कुणी शून्य चिकटवू नये म्हणून मीही मारतो.

माजघर: कानामात्रा, तुमच्या 'अर्जदारा'त मला बाप्याच दिसतो. '/री' शेपटासारखी का असेना, त्या कागदावर मी आहे. शेपूट नेहमी आमच्याच वाट्याला का, हा वेगळा प्रश्न. 'राहणारी/रा' छापलेलं अजून पाहिलं नाही.

कानामात्रा: हे पटलं. अर्जातली रेघ राहू द्या, 'राहणारी/रा' छापा. पण 'आणि/किंवा' सोडणार नाही. माझ्या भाडेकरारात होतं, 'दुरुस्तीचा खर्च मालक आणि/किंवा भाडेकरू करतील.' मोरीचा नळ गळायला लागला. मालक म्हणाले 'किंवा', मी म्हणालो 'आणि'. आठ दिवस बादली लावून ठेवली होती. शेवटी प्लंबरचे पैसे मीच दिले.