‘सर्व्हायव्हर’ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा: कॅन्सरच्या उपचारांनंतर माणसाच्या मनाचं काय होतं, यावर मी बारा वर्षं संशोधन करतेय. नव्या अभ्यासाच्या संमतिपत्रात ‘सर्व्हायव्हर’साठी ‘कर्करोगविजेत्या’ असं लिहिलं होतं. परवा एका मावशींनी सही करण्याआधी तो शब्द पेनानं खोडला आणि वर बारीक अक्षरात ‘पेशंट’ लिहिलं. म्हणाल्या, “दर सहा महिन्यांनी तपासणी असते गं. रिपोर्ट हातात येईपर्यंत घास उतरत नाही. विजय कसला?” ‘कर्करोगमुक्त’ही चालत नाही. अमेरिकेत १९८६ साली सर्व्हायव्हरांची संघटना उभी राहिली, तिच्या व्याख्येत निदान झाल्या दिवसापासूनच माणूस सर्व्हायव्हर. शब्द सुचवा.

जुनी_पाटी: ‘बचावलेले’. सोपा, आपला शब्द.

वऱ्हाडी: तो बातमीतला शब्द झाला सर. बस दरीत कोसळली, तिघे बचावले. शिवाय हिंदीतून आलेला वाटतो.

जुनी_पाटी: माझ्या आजीला हिंदीचा गंध नव्हता, तरी “थोडक्यात बचावलास” हे तिच्या तोंडी रोज असे! हिंदीचा एवढा राग आहे तर मग ‘कॅन्सर’ तरी कशाला? कर्क म्हणजे खेकडा, ग्रीक ‘कार्किनोस’ म्हणजेही खेकडाच. इतका नेमका शब्द घरात असताना उसना का आणायचा?

हिरवा_चाफा: वडिलांच्या केमोच्या वेळी चार महिने वॉर्डात बसले आहे. ‘कर्करोग’ फक्त भिंतीवरच्या पोस्टरवर होता. माणसं “गाठीचं दुखणं” म्हणायची, नाहीतर नुसतं “ते”.

जुनी_पाटी: वापरला नाही म्हणूनच तो भिंतीवर राहिला.

हिरवा_चाफा: घाबरलेल्या माणसावर भाषाशुद्धीचं ओझं टाकू नका, एवढंच म्हणते.

वऱ्हाडी: ताई, आमच्याकडे म्हणतात, “निभला बाप्पा बुढा!” माझ्या मते ‘निर्वाह’शी याचं नातं आहे. तगणं आणि रोजचं रेटून नेणं, दोन्ही त्यात येतं.

कानामात्रा: हा फार जवळचा वाटतो. फिट्झ्यू मलन हे डॉक्टर स्वतः कॅन्सरमधून गेले होते. ‘बरा झाला’ आणि ‘नाही झाला’ एवढे दोनच कप्पे पुरत नाहीत, हे त्यांनी १९८५च्या लेखात मांडलं आणि तगून राहण्याचे तीन ऋतू सांगितले. पण नाम कसं करू? ‘निभावलेल्या’ म्हटलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. ‘निभावणाऱ्या’ म्हटलं तर वाचणारी विचारेल, काय निभावणाऱ्या?

सागरगोटा: विषयांतर होतंय, माफ करा. तुम्ही ‘हॅड्स’ वापरता का? चिंता आणि नैराश्य मोजणारी १९८३ची चौदा प्रश्नांची प्रश्नावली. तिच्यात भीतीनं ‘पोटात फुलपाखरं’ असा प्रश्न आहे. मराठीत काय करता?

वऱ्हाडी: पोटात गोळा येणे.

हिरवा_चाफा: छे, गोळा एकदम येतो, फोन वाजला की. रिपोर्टच्या आदल्या रात्री असतं ते बाकबुक. “पोटात नुसतं बाकबुक होतंय.”

जुनी_पाटी: बाकबुक परीक्षेच्या आधी होतं. इथे ‘धाकधूक’च हवं.

हिरवा_चाफा: धाकधूक छातीत होते सर. वडील हात पोटावर ठेवून सांगायचे.

सागरगोटा: आमच्या रत्नागिरीत ‘बाकबुक’ कधी ऐकलं नाही. आई म्हणते, “पोटात कालवतंय.”

कानामात्रा: कालवणं म्हटलं तर मळमळ समजतील, केमोवाल्या तर नक्कीच. मग चिंतेचे गुण उगाच वाढतील.