मदत हवी: इंकस्केपमध्ये कंदिलाची चांदणी सरळ येतच नाहीये

मंडळी, दरवर्षी दिवाळीआधी सोसायटीतल्या पोरांना घेऊन आकाशकंदील करतो. यंदा पट्टी-कंपास नको म्हणून चांदणीचा साचा इंकस्केपमध्ये (संगणकावर आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) काढायला बसलो आणि दोन रात्री वाया गेल्या. स्टार टूल घेतलं, कॉर्नर्स ५ दिले, इथपर्यंत ठीक, पण आतलं हँडल (आतल्या कोपऱ्यावरचा ओढायचा ठिपका) ओढलं की चांदणीला पीळ बसतो, पार भिरभिरं होतं तिचं. त्यात काल चुकून काहीतरी दाबलं गेलं, तेव्हापासून टोकं गोलच येतायत, नवीन काढली तरी तेच!! आणि स्पोक रेशो (मध्यापासून आतला कोपरा भागिले मध्यापासून टोक) नक्की किती ठेवायचा? मी अंदाजपंचे ०.५ ठेवला तर चांदणी जाडी बुटकी दिसते, बिस्किटासारखी. सहा टोकांचीपण एक हवीये. शनिवारी कार्डशीट कापायचंय, कोणीतरी सांगा प्लीज.

कागदकापू: पीळ नको असेल तर आतलं हँडल कंट्रोल दाबून ओढा. तुम्ही शिफ्ट दाबून ओढलं असणार म्हणून टोकं गोल झाली, आणि ते टूल शेवटचे आकडे लक्षात ठेवतं. वरच्या पट्टीत राउंडेड ० करा. तिथेच रँडमाइज्डपण ० आहे ना बघा, अल्ट दाबून ओढलं की ते बदलतं. रेशो ५ टोकांना ०.३८२, ६ टोकांना ०.५७७. शाळेत पेन न उचलता काढायचो ना, तीच चांदणी येते, एका टोकाची कड सरळ पुढे जाऊन दुसऱ्या टोकाच्या कडेला मिळते. पट्टी लावून बघा.

(धागाकर्ता) अरे वा, ०.३८२ ने काम झालं! आता नवीन भानगड. मागे तशीच दुसरी चांदणी ३६ अंशात फिरवून लावायचीये, दहा टोकं दिसावीत म्हणून. डुप्लिकेट करून फिरवली तर मध्य जुळत नाही, थोडी बाजूला सरकते. माझंच काही चुकतंय का?

रेघोट्या: नाही हो, पाच टोकांना हे होऊ शकतं. फिरवायचा मध्य भोवतीच्या चौकटीच्या मध्यावर असला की असं होतं, कारण पाच टोकांच्या चांदणीचा खरा मध्य त्याच्या जरा खाली असतो. मध्यापासून टोक १०० मिमी धरलं तर जवळजवळ ६ मिमी सरकते, कागदात लगेच दिसतं. आधी एक आडवी, एक उभी अशा दोन गाइड (मदतीच्या रेषा) टाका, जिथे छेदतात तिथून माऊस ओढायला सुरुवात करा, म्हणजे मध्य तिथेच राहतो. मग सिलेक्ट टूलने चांदणीवर पुन्हा क्लिक केलं की अधिकचं चिन्ह दिसेल, तोच फिरवायचा मध्य, ते ओढून छेदबिंदूवर ठेवा, मगच डुप्लिकेट करा. फिरवताना कंट्रोलच्या भरवशावर राहू नका, ते १५-१५ अंशांनी उडी मारतं, त्यात ३६ बसत नाही. ट्रान्सफॉर्मची खिडकी उघडून अंशांचा आकडा टाका. आणि हो, या मापाची चांदणी रुंद साधारण १९० आणि उंच १८१ मिमी भरते, रुंदी-उंची दोन्ही २०० करायला जाल तर उभी ताणली जाईल. ही चूक मी केलीये, वीस कागद फुकट गेले.

(धागाकर्ता) बसली बरोब्बर! ते अधिकचं चिन्ह मी इतके दिवस नुसती शोभा समजत होतो 😅 सहा टोकांचीला हा चौकटीचा घोळ नाही ना?

रेघोट्या: नाही, तिचा मध्य चौकटीच्या मध्यावरच येतो. बिनधास्त फिरवा.