‘युद्ध लागलं की पीआरचं दुकान बंद’ म्हणणाऱ्यांसाठी

वाळूजकर:
काल इथं एकानं ठणकावलं, "देश युद्धात असताना कंपन्यांच्या पीआरवाल्यांनी, म्हणजे जनसंपर्कवाल्यांनी, गप्प बसावं." खाली वाहवाच वाहवा. या लोकांनी युक्रेनकडं पाहिलेलं दिसत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा घुसल्या. तिथली रेल्वे टेलिग्रामवर लोकांना बाहेर काढणाऱ्या गाड्या जाहीर करत होती. टपाल खात्यानं एप्रिलमध्ये रशियन युद्धनौकेला मधलं बोट दाखवणाऱ्या सैनिकाचं तिकीट काढलं, त्यासाठी रांगा लागल्या. काम बंद होत नाही, कामाचा क्रम बदलतो. आधी ठरवून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट थांबवायच्या. त्यात ऑफरचे एसएमएस हमखास राहून जातात, कारण त्यांचा पासवर्ड सेल्सच्या एजन्सीकडं असतो. मग कामगारांना निरोप: शिफ्ट, बस, ब्लॅकआउटमध्ये गेट कुठलं. मग ग्राहक. प्रेस सगळ्यात शेवटी.

गोदाकाठ_नांदेड:
रेल्वे ही लोकसेवा आहे. तिचा दाखला देऊन शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्याला माईक कशाला देताय? ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ चं. त्याच दिवशी त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज पडले! रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजनं आपला अर्ज मागं घेतला, कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून अनवधानानं झालं म्हणे. तोंड उघडायची मुभा दिली की हे असं होतं. आणि 'संरक्षण दलासाठी इतके नग अमुक तारखेला रवाना' ही प्रेसनोट कुणाच्या कामाची, सांगा? युक्रेननं मार्च २०२२ मध्येच शस्त्रांची ने-आण आणि फौजांच्या हालचाली उघड करणं फौजदारी गुन्हा केला. तुमच्या फोटोत मागच्या खोक्यावरचं लेबल स्पष्ट वाचता येतं, ते कोण बघतं?

वाळूजकर:
पीआरवालाच बघतो, दुसरं कोण बघणार? लेबल, ट्रकचा नंबर, गेटवरची पाटी, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, सगळं छाटायचं. मोबाईलनं फोटोत लोकेशन भरलेलं असतं तेही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहतं. आणि पेपरवाले छपाईसाठी डॉक्युमेंटच मागतात. म्हणून पाठवायच्या आधीच ते पुसायचं.

मांजराकाठ:
फोटोचा विषय निघालाच आहे तर फ्लेक्सवर बोला की. जवान कोपऱ्यात तिकिटाएवढा अन् भाऊ दहा फुटी. निवडणूक आयोगानं २०१३ ला पक्षांना बजावलं की प्रचारात सैनिकांचे फोटो नकोत. ९ मार्च २०१९ ला पुन्हा आठवण दिली. ऐकायलंय कोण?

गोदाकाठ_नांदेड:
ते पक्ष अन् उमेदवारांच्या प्रचारापुरतं आहे. भाऊ म्हणणार, मी उमेदवार कुठंय, मी तर शुभेच्छुक.

मांजराकाठ:
म्हणजे पळवाट आधीच तयार! बरं, परवानगीचा क्रमांक तरी फ्लेक्सवर असतो का? गुगलवरून उचललेला जवान भलत्याच देशाचा निघतो. गणवेशाचे ठिपके, हेल्मेट, बंदूक बघितली तरी कळतं. प्रिंटर म्हणतो, आर्टवर्क पार्टीचं. पार्टी म्हणते, डिझायनरचं. शहिदाच्या घरी निरोप पोचायच्या आधी त्याच्या श्रद्धांजलीचा बोर्ड लागला तर जबाबदार कोण?

वाळूजकर:
धागा पीआरचा आहे हो.

मांजराकाठ:
लातूर-परभणीत फ्लेक्स म्हणजेच पीआर, साहेब. बाकी तुमच्या पंचतारांकित एमआयडीसीत चालू द्या.

दख्खनी_जालना:
भांडा तुम्ही. खरा प्रश्न वेळेचा आहे, त्यावर कुणी बोलेना. युक्रेनमध्ये हल्ल्याच्या जागेचे फोटो ठरलेले तास उलटल्याशिवाय टाकू देत नाहीत. गोळा कुठं पडला हे शत्रूला कळलं की तो पुढचा नेम सुधारतो. आपल्याकडं २०२१ च्या केबल टीव्ही नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई आहे, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच दाखवायचं. २६ एप्रिल २०२५ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं कारगिल, कंदहार, २६/११ चे दाखले देऊन पुन्हा बजावलं. अन् पंधरवड्यात काही चॅनेलांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उडवलं! नियम थेट प्रक्षेपणाला अडवतो, थापांना नाही. आता ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्यांनी उत्तर द्या: ९ मे ला पेट्रोल संपणार म्हणून पंपांवर गर्दी व्हायला लागली, तेव्हा इंडियन ऑइलनं काय करायचं होतं? त्यांनी सांगितलं, साठा भरपूर आहे, घाईनं भरू नका. तेही बोलायला नको होतं का?

गोदाकाठ_नांदेड:
बरं बाबा, इंडियन ऑइलला माफ. साठा आहे, पंप चालू आहेत, गर्दी नको, एवढ्यावर ते थांबले म्हणून. तुमच्या कंपन्या थांबतील?

वाळूजकर:
थांबवता येतं. तीन मसुदे शांततेच्या काळातच लिहून ठेवायचे: काम चालू, काम थांबलं, कुणी जखमी. जागा, नग, ग्राहकाचं नाव एकातही नाही. जखमीचं नाव घरच्यांना कळवल्यावरच. मंजुरी एकाच माणसाची, तो लागला नाही तर दुसरा कोण हेही लेखी. पाच जणांच्या ग्रुपवर मसुदा टाकला की सकाळ होते, तोवर अफवा बीडला पोचलेली असते.

गोदाकाठ_नांदेड:
मसुदे ठीक आहेत, मान्य. पण चार ओळींवर सही करणारा एमडी दाखवा. पाचव्या ओळीत 'राष्ट्रउभारणीत आमचा खारीचा वाटा' येतो, मग फोटो येतो.

मांजराकाठ:
अन् फोटोचा फ्लेक्स होतो. मी दुसरं काय म्हणायलो होतो?