लिगामेंटच्या ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात मॅच? सांगली-मिरजकरांनो, बोला

कृष्णाकाठचा_स्टॉपर:
आमच्या फुटबॉल टीममधल्या एका पोराचं एसीएलचं (गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट) ऑपरेशन मिरजेत झालं. सहावा महिना चालू आहे. सूज नाही, सरळ मस्त पळतो. झालं, मॅनेजर म्हणतात, "नी-कॅप चढव आणि उतर." माझा ठाम विरोध आहे. वेगात येऊन एकदम थांबणं, एका पायावर वळणं, हेडरला उडी मारून धक्का खात खाली येणं, गुडघ्याची खरी परीक्षा तिथे होते. नवीन बसवलेलं लिगामेंट सुरुवातीला उलट कमजोर होत जातं, मग हळूहळू रक्तवाहिन्या धरतं, पक्कं व्हायला वर्षाच्या वर लागतं. दुखत नाही म्हणजे भरलं असं नसतं. ब्राझीलचा रोनाल्डो नोव्हेंबर 1999 मध्ये जखमी झाला, 12 एप्रिल 2000 ला इटलीच्या इंटर क्लबकडून लाझिओविरुद्ध उतरला आणि काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा गेला.

डावा_विंगर_मिरज:
रोनाल्डोचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) गेला होता, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारं) नव्हे. उदाहरण द्यायचं तर नीट द्या. आणि 2002 च्या वर्ल्डकपला 8 गोल त्यानेच मारले, ते सोयीने विसरलात! खेळूनच खेळ परत येतो. जिममध्ये मांडी भरेल, पण डिफेंडर अंगावर येताना पास कधी सोडायचा हे जिम शिकवत नाही.

कृष्णाकाठचा_स्टॉपर:
टेंडनचं मान्य. पण ते 8 गोल दुसऱ्यांदा लांब थांबल्यानंतरचे आहेत. भारतीय टीमचा डिफेंडर, आपला संदेश झिंगन बघा. ऑक्टोबर 2019 मध्ये एसीएल गेलं, 2019-20 चा सीझन बाहेर बसला, परत आला आणि 2020-21 चा एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पट्टी_आणि_बर्फ:
मी फिजिओ आहे. 2016 च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नऊच्या पुढे मात्र तसा फायदा दिसला नाही, तेव्हा वर्षानुवर्षं बसवून ठेवायचंही कारण नाही. एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी पडली की लोक खूश होतात. तिथेच फसगत होते. उडीचं अंतर घोटा आणि कंबर भरून काढतात. उतरताना बघा, गुडघा ताठ राहतो आणि छाती पुढे झुकते. शिवाय तुलना ज्या "चांगल्या" पायाशी करतो, तोही बसून बसून ढिला झालेला असतो.

वसंतदादानगरी:
ताई, सगळं बरोबर, पण ही मापं क्लबवाल्या खेळाडूंची. इथे पोरगं सकाळी दुकानावर, संध्याकाळी ग्राउंडवर. फिजिओचे पैसे दोन महिन्यांत संपतात. ट्रायल वर्षातून एकदा येते, पुढच्या वर्षी वय निघून जातं. "थांब" म्हणायला काय जातंय?

पट्टी_आणि_बर्फ:
दुसऱ्या ऑपरेशनला पैसे कुठून आणणार, दादा? एका पायावर स्क्वॉट, भिंतीला धरून पोटऱ्यांचे व्यायाम, मागच्या मांडीसाठी नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, जोडीदाराने घोटे धरल्यावर हळूहळू पुढे झुकायचं), याला जोडीदार आणि सतरंजी पुरते. पैसे कमी असतील तर महिन्यातून एकदाच दाखवा, पण दाखवा.

डावा_विंगर_मिरज:
मग मधला मार्ग काढा की. टीमबरोबर सराव, टॅकल नाही, ते सगळ्यांना कळावं म्हणून रंगीत जाकीट घालून. नुसतं घरी बसवलं तर पोरगं फुटबॉलच सोडेल, हे बघितलंय मी.

कृष्णाकाठचा_स्टॉपर:
याला माझी ना नाही. सराव करू दे. मॅनेजरला मात्र रविवारच्या मॅचच्या यादीत त्याचं नाव हवंय, आणि ते मी देणार नाही.