घट्ट दूध निपलमधून उतरतच नाही (रिफ्लक्स, मुलगी ११ आठवड्यांची)

मुलगी ११ आठवड्यांची आहे. जन्माचं वजन २.८ किलो, मागच्या गुरुवारी ४.७ भरलं, म्हणून डॉक्टर निवांत आहेत. मी नाही. पाजून खांद्यावर घेतलं की गुळणी, खाली ठेवलं की गुळणी, तासाभराने फाटलेलं आंबूस दूध. पिता पिता मध्येच पाठ ताणून किंचाळते. दिवसाला सात-आठ झबली. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत सध्या फक्त दुपटी वाळतात.

माझं दूध दीड महिन्यातच आटलं. (यावर सल्ले नकोत. शतावरी, अळीव, सगळं करून झालंय.) डॉक्टरांनी साधी पावडर बंद करून एआर, म्हणजे घट्ट होणारी पावडर लिहून दिली. जवळच्या मेडिकलमध्ये नव्हती, नवऱ्याने शालिमारहून आणली.

चार दिवसांत गुळण्या निम्म्यावर आल्या, हे खरं. पण ९० मिली संपायला पाऊण तास! ओढते, ओढते, निपल चपटं होतं, दमते, रडते, वर हवा गिळते. तळाला साबुदाण्याएवढ्या गुठळ्या. साध्या पावडरसारखंच मी पाणी उकळून थोडं निवलं की गरमच घालते. काल सासूबाईंनी सुई तापवून निपलचं भोक मोठं केलं. पहिल्याच घोटाला ठसका, दूध नाकातून बाहेर. ते निपल मी फेकलं. घरात तेव्हापासून शांतता आहे.

घट्ट दुधाचं निपल वेगळं असतं का? गुठळ्या कशाने होतात? आणि आधीचे आम्ल कमी करणारे थेंब अजून चालू आहेत, ते या पावडरबरोबर चालतात का? डॉक्टर सोमवारी भेटतील. ब्रँडची नावं लिहू नका, मला पद्धत हवी आहे.

प्रतिसाद

आमच्याकडेही हेच झालं होतं, मुलगा आता दीड वर्षाचा आहे. आधी डब्यावरचे घटक वाचा. लोकस्ट बीन किंवा कॅरोब गम असेल तर दूध बाटलीतच घट्ट होतं, तुमचं तेच दिसतंय. तांदळाचा किंवा दुसरा स्टार्च असेल तर ते बऱ्याचदा पोटातल्या आम्लात घट्ट होतं. अशा पावडरबरोबर आम्ल कमी करणारं औषध दिलं तर घट्टपणाच कमी पडतो. म्हणून थेंबांचं सोमवारपर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करून विचारा. आपल्या मनाने बंदही करू नका.

गुठळ्या बहुधा पाण्यामुळे. यातल्या काही पावडरी फार गरम पाण्यात गोळा होतात, म्हणून डब्यावर लिहिलंय तेवढंच गरम घ्या. प्रत्येक वेळी ताजं करा, उरलेलं तासाभरात ओतून टाका. चमचा सपाट, जास्तीचा अर्धाही नको. निपल फास्ट किंवा व्हेरिएबल फ्लोचं मिळतं, फुलीसारखी चीर असलेलं. सुई नको, भोकाचा अंदाज येत नाही.

प्रतिसाद

उंच उशी कोणी सुचवेल, देऊ नका. पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, झोपवताना सपाट गादीवर, पाठीवर. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, कारंज्यासारखी लांब उडाली किंवा लंगोट ओले होईनासे झाले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. शीमध्ये रक्त किंवा अंगावर इसब असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गाईच्या दुधाच्या ॲलर्जीतही असंच ओकतात, त्याची पावडर वेगळी असते.

धागाकर्ती

डबा पाहिला, कॅरोब गमच आहे. पाणी कोमट घ्या असं बारीक अक्षरात लिहिलंय, मी वाचलंच नव्हतं. आज गुठळी नाही. थेंबांचं विचारलं, दोन दिवसांनी बंद करायचे. शीमध्ये रक्त नाही, अंगावर पुरळ नाही. चिरेचं निपल मात्र इंदिरानगर, पाथर्डी फाटा दोन्हीकडे नाही. कॉलेज रोडला कुणी अलीकडे घेतलंय का? उद्या सासूबाईच जाणार आहेत आणायला.