पुढचा प्रोजेक्ट कुठला: टाकीचा कंट्रोलर की बेंच पॉवर सप्लाय?

टेस्टर
एलईडी लुकलुकवून झाले, तापमान दाखवणारा डबा झाला, टाळी वाजवली की लागणारा दिवाही झाला. तिन्ही सध्या खणात पडून आहेत. म्हणून आता माझं मत पक्कं झालंय: घरी बसून बनवायचं तर घराला रोज लागणारी वस्तू बनवावी. पुढचा नंबर पाण्याच्या टाकीच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरचा.

आराखडा असा. टाकीत तीन तारा: तळाशी कॉमन, तिच्या जरा वर खालची पातळी, काठाच्या थोडी खाली वरची पातळी. पुढे एक ५५५ (छोटा टायमर आयसी, म्हणजे चिप) आणि रिले (कॉइलने चालणारा स्विच). ५५५ च्या पोटात दोन कम्पॅरेटर (व्होल्टची तुलना करणारे) आणि एक फ्लिपफ्लॉप (शेवटची स्थिती लक्षात ठेवणारा) आयते असतात. पाणी खालच्या तारेखाली गेलं की मोटर चालू, वरच्या तारेला लागलं की बंद, मधे असताना जे चाललंय ते चालू दे. प्रोग्रॅमिंगची भानगड नाही.

मित्र म्हणतो, आधी बेंच पॉवर सप्लाय (टेबलावर ठेवून हवे ते व्होल्ट देणारा डबा) बनव. बनवून त्यावर काय चालवू, परत एलईडीच? बोला.

ओहमपती
मित्राचं ऐका. ब्रेडबोर्डला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून कुठवर रेटणार?

१२ व्होल्ट एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड), २२०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टवाला कपॅसिटर, एलएम३१७ (व्होल्ट स्थिर ठेवणारा आयसी) आणि एक पॉट (व्होल्ट कमी-जास्त करायची फिरकी). सगळं सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास एका फेरीत मिळतं. आणि शिकायला मिळतं ते बघा. १२ व्होल्ट एसी म्हणजे शिखराला १७. ब्रिजमध्ये दीडेक गेले, साधारण साडेपंधरा उरले. त्यातून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर ओढलात की वरचे साडेदहा व्होल्ट गुणिले अर्धा, म्हणजे सव्वापाच वॉट नुसती उष्णता. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर आयसी तापून स्वतःच गप्प बसतो. हा हिशेब एकदा हातून गेला की जन्मभर पुरतो.

शिवाय तुमच्या आराखड्यात २३० व्होल्ट, गच्ची आणि पाणी एकाच जागी आणलंय. छंद आहे की सर्कस?

टेस्टर
तुमच्या ट्रान्सफॉर्मरला काय १२ व्होल्ट देतात का? त्यालाही २३० च लागतात की.

ओहमपती
ते डब्यात असतात. टाकीत नव्हे.

गच्चीवरचा
टाकीत जाऊ नयेत याची एकच अट आहे: सर्किटचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरचा किंवा धड अॅडॉप्टरचा हवा. नेटवरच्या बऱ्याच स्वस्त सर्किटांत ट्रान्सफॉर्मर वाचवायला मेनच्या (घरच्या २३० व्होल्टच्या) वाटेत एक ४०० व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. तसलं सर्किट प्रोबला, म्हणजे टाकीतल्या तारांना, जोडलं म्हणजे अख्ख्या टाकीतलं पाणी मेनला जोडलं. त्याच पाण्याने लोक आंघोळ करणार आहेत. हे सोडून बाकी चर्चा चालू द्या.

मी टेस्टरच्या बाजूने आहे, पण आराखड्यात खरी गोम रिलेत आहे. निळ्या डबीचा रिले आणणार ना, वर १० अँपिअर लिहिलेला? एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, म्हणून वाटतं भागेल. पण सुरू होताना ती त्याच्या पाच-सहा पट ओढते. रिलेचे कॉन्टॅक्ट तेवढ्यात चिकटतात, आणि चिकटलेला रिले मोटर बंदच करत नाही. म्हणजे टाकी वाहतेय आणि तुमचं ५५५ आत बसून म्हणतंय, ‘मी तर कधीच बंद केली.’ छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवा, मोटरचं ओझं कॉन्टॅक्टरवर टाका. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (कॉइल बंद होतानाचा झटका गिळायला) आणि लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), या दोन्हीत काटकसर नको.

पावशेर
किंवा दुकानातून केबलवाला फ्लोट स्विच आणा, टाकीत सोडा, झालं. ज्या कामाला काहीशे रुपयांचा प्लॅस्टिकचा फुगा पुरतो त्याला चर्चा कसली?

टेस्टर
भाजीही बाहेर तयार मिळते, म्हणून कुणी स्वयंपाकाची हौस सोडत नाही.

पावशेर
हौस म्हणा ना मग. ‘घराला लागणारी वस्तू’ कशाला म्हणता?

वायफायवाला
२०२० नंतरही ५५५? ईएसपी३२ (वायफाय असलेली, प्रोग्रॅम करायची चिप) लावा, वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) झाकणाला बसवा, पातळी मोबाइलवर बघा. प्रोबची कटकटच नको.

गच्चीवरचा
गच्चीवर स्लॅबच्या वर वायफाय येतं का ते आधी मोबाइल नेऊन बघा. आणि तो सेन्सर साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर नीट देत नाही, म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच तो चाचपडणार. राउटर बंद पडला तरी मोटर बंद व्हायलाच हवी. मोबाइलवर आकडा दाखवा, पण निर्णय मोबाइलवर सोडू नका.

सौदामिनी
मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असते, आणि मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

ओहमपती, पहिल्या सप्लायला नुसता एलएम३१७ हे जुनं वेड आहे. त्यात करंट लिमिट (जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा ते) आपल्या हातात नसतं. आयसीची स्वतःची मर्यादा दीड अँपिअरच्या घरात, तोवर नवशिक्याचा एलईडी कधीच गेलेला असतो. मुलांच्या हातून सर्किटं जळतात ती जास्त व्होल्टमुळे कमी, उलट्या जोडणीमुळे जास्त, आणि तिथे वाचवतं करंट लिमिट. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि व्होल्ट-करंट असे दोन स्क्रू असलेला बक मॉड्यूल (व्होल्ट उतरवणारा तयार बोर्ड) घ्या. एका संध्याकाळचं काम, मेनला हात लावावा लागत नाही.

टेस्टर, प्रोबमध्ये कायम डीसी सोडू नका. एका तारेवर थर चढतो, दुसरी झिजते. तांब्याची असेल तर हिरवी पडते. बोअरच्या जड पाण्यात तर फारच लवकर. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरा आणि करंट थोडाच वेळ, दिशा बदलत द्या. पण मग ५५५ चं ते सुटसुटीत सर्किट उरत नाही, आणि माझ्या मते या प्रोजेक्टमध्ये शिकण्यासारखं आहे ते इथूनच पुढे.

ओहमपती
बक मॉड्यूलचं आउटपुट स्कोपवर (व्होल्टचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा, काटेरी कुंपण दिसेल. जवळ रेडिओ लावला तर खरखर वेगळीच. लिनिअर (एलएम३१७ सारखं) ते लिनिअर.

सौदामिनी
ज्याच्याकडे स्कोप आहे तो ‘पुढचा प्रोजेक्ट कुठला’ विचारत नाही. रिले चालवायला त्या काट्यांनी काही बिघडत नाही.

टेस्टर
मी टाकीवरच ठाम आहे, पण कॉन्टॅक्टर आणि सळ्या यादीत घातल्या. सुरुवात कुठून करू?

गच्चीवरचा
घरात, बादलीपासून. मोटरच्या जागी स्कूटरचा १२ व्होल्टचा बल्ब. मगाने पाणी ओता, काढा; बल्ब योग्य वेळी लागतो-विझतो का, काठावर पाणी हिंदकळलं की रिले टकटक करतो का ते बघा. तिथे शांत राहिला तरच मोटरकडे वळायचं, आणि तेव्हा सोबत वायरमन हवा.

ओहमपती
आणि त्या बल्बला १२ व्होल्ट कुठून आणणार म्हणालात?

टेस्टर
राउटरचा जुना अॅडॉप्टर आहे.

ओहमपती
त्यावरचे अँपिअर वाचा, मग बल्बवरचे वॉट वाचा, आणि या परत.