रिकाम्या डब्याला शाबासकी नको: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

कन्नमवार नगर, विक्रोळी. शुक्रवार

सेक्रेटरी (ए ५०१): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या ११ ते ३ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवा. नंतर फोन करू नये.

ईशानची आई (बी ३०२): ओके. एक वेगळंच विचारायचं होतं. ईशानच्या शाळेची नोटीस आलीये. सोमवारपासून पहिली-दुसरीच्या वर्गात कचऱ्याची बादलीच ठेवणार नाहीत. डब्यात उरलेलं, बिस्किटाचं वेष्टन, जे काय असेल ते मुलांनी तसंच घरी न्यायचं. अजून कुणाच्या शाळेत आहे का असं?

आरोहीचे बाबा (बी ६०१): आरोही त्याच शाळेत आहे ना. आम्हालाही आली. एवढी फी भरायची आणि वर कचराही आपणच घरी आणायचा. भारी आहे.

साने काका (ए १०३): आमच्या वेळी कचरा व्हायचाच नाही. डबा फडक्यात बांधलेला, पाणी नळाचं, मधल्या सुट्टीत चिंचा.

रोहन (सी ४०४): काका, चिंचोके कुठे टाकायचात तेवढं सांगा.

साने काका: टाकतोय कोण? खेळायला घ्यायचो.

ईशानची आई: काका 😀 पण माझी अडचण खरी आहे. साडेसातची शाळा, घरी यायला एक वाजतो. जूनच्या दमट हवेत उरलेली भाजी तेवढा वेळ दप्तरात राहिली की वास येणार. आणि पहिलीतल्या पोराला त्यातून काय कळणार आहे? घरी आल्यावर मीच फेकणार ते.

सुषमा मॅडम (बी ७०४): जरा सविस्तर लिहिते. बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय म्हणून.

छोटी सुट्टी झाली की वर्गाच्या बादलीत एकदा डोकावून बघा. अख्ख्या पोळ्या असतात. एका बाजूने चावलेलं सफरचंद, तूप-साखरेचा उलगडलेला रोल, न फोडलेलं केळंसुद्धा. चिप्सचं पाकीट मात्र चाटूनपुसून रिकामं. आता मुलं पोळी का टाकतात? नावडते म्हणून, हे एक. पण मी विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असायचं, "डबा संपवला नाही तर आई ओरडते." आपण डबा रिकामा दिसला की शाबासकी देतो. मूल हुशार असतं. डबा रिकामा करायचे दोन मार्ग आहेत, हे त्याला पहिल्याच महिन्यात समजतं.

म्हणजे घरी आईला वाटतं सगळं संपतंय, म्हणून ती तेवढंच भरत राहते. शाळेत रोज तेवढंच बादलीत जातं. बादली काढली की निदान हे घरी दिसेल. नोटीस कोरडी आहे, हे मान्य. शाळेने कारणही लिहायला हवं होतं. पण कल्पना चांगली आहे.

आरोहीची आई (बी ६०१): मॅडम हे वाचून धस्स झालं. आरोहीचा डबा रोज लख्ख असतो.

आरोहीचे बाबा: अगं ती खाते गं.

आरोहीची आई: तुम्ही भरता का डबा?

लीला आजी (सी १०२): खाऊन माजावं पण टाकून माजू नये म्हणायची माझी सासू. हल्लीची मुलं माजलेली नाहीत हो, डबेच केवढाले असतात. तीन कप्पे. एकात भाजी एकात फळ एकात ते सुकामेवा. मोठ्या माणसाला जाणार नाही वीस मिनिटांत

डॉ. मेघना (सी ५०३): आजींचं बरोबर आहे. वीस मिनिटांतली पाच तर झाकण उघडण्यात आणि हात धुण्यात जातात. वासाबद्दल एक सांगते: रसभाजी, दही, अंडं असलं उरलं तर घरी आल्यावर ते पुन्हा कुणी खाऊ नये, मुलाने तर नाहीच. परत आणायचं ते काय आणि किती उरलं हे बघण्यासाठी. पावसाळ्यात कोरडी भाजी द्या, रस कमी. आणि ओरडू नका. ओरडलात तर बादली नसली तरी पोळी बाकाखाली जाईल, किंवा बसच्या खिडकीतून.

सुषमा मॅडम: बाकाखाली! अहो, बाकाच्या कप्प्यात दिवाळीच्या सुट्टीनंतर काय काय सापडायचं ते इथे लिहीत नाही, रात्रीची वेळ आहे.

साने काका: हे सगळं ठीक. पण मुलांना ओला-सुका शिकवायचं आणि गाडीत दोन्ही एकत्र. मग काय उपयोग?

सेक्रेटरी: काका, आपला सुका कचरा गाडीत जातच नाही. मंगळवारी आणि शनिवारी त्या दोन ताई येऊन घेऊन जातात. त्यांचं घर त्यावर चालतं. पण आमटीने माखलेला पुठ्ठा किंवा भाताची शितं चिकटलेला डबा त्यांना विकता येत नाही, तो पुन्हा गाडीतच जातो. परवाच त्यांनी मला दाखवलं. दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून द्या. आणि कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबू द्या. तो इवलासा तुकडा वेगळा झाला की कुणीच वेचत नाही, गटारात जातो.

रोहन: हे मला आजच कळलं. मी तर तुकडा खिडकीतून

रोहन: टाकत नाही. टाकत नाही असं लिहायचं होतं.

नीलेश (सी २०१): काकांच्या मुद्द्याला धरून. रात्री वारा फिरला की आपल्याकडे कांजूरच्या कचराभूमीचा वास येतो, तेव्हा माझी मुलगी विचारते, "बाबा, कोणी काय केलं?" तिला सांगितलं की आपल्या सगळ्यांची टाकलेली पोळी तिथे आहे. विनोद नाही. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं, मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं, आता शहराचा बहुतेक कचरा आपल्या शेजारी येतो. अन्न एकावर एक दाबलं गेलं, हवा लागली नाही, की ते सडून मिथेन तयार होतो. देवनारला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तेच अन्न पिंपात पाल्याबरोबर, हवा खेळती ठेवून कुजवलं तर त्याचं खत होतं आणि ही घाण येत नाही. मुलांना "पर्यावरण" सांगू नका, वास दाखवा. इथे तर तो आपोआप येतो.

जाधव वहिनी (ए २०४): मग ठेवू या ना पिंप मागच्या बाजूला. शाळेतून आलं की मुलं स्वतः टाकतील.

सेक्रेटरी: घुशी येतील. आधीच मीटर रूममध्ये आहेत.

नीलेश: झाकणाचं पिंप, खाली विटा, भोकांना जाळी. शिजलेलं अन्न थोडंच आणि कुस्करून. तेलकट, मटण-मासे अजिबात नाही. एक वाटी ओलं, दोन वाट्या सुका पाला, रोज वरून पाल्याचा थर. वास आला तर समजायचं पाला कमी पडला. आंबट ताक शिंपडलं की कुजणं लवकर सुरू होतं. खरी अडचण पावसाळ्याची, तेव्हा सुका पाला मिळत नाही. गेटजवळच्या बदामाची फेब्रुवारीत झाडलेली पानं वॉचमनने पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली आहेत, मी बघितलीयेत. मोठी असतात, चुरून टाकायला मुलांना आवडतं.

आरोहीचे बाबा: आणि आरोहीच्या शाळेने मागच्या वर्षी "प्लास्टिकमुक्त भारत"चा प्रोजेक्ट दिला होता थर्माकोलवर. त्याचं काय? रात्री दहाला स्टेशनजवळ थर्माकोल शोधत फिरत होतो मी.

जाधव वहिनी: मिळाला?

आरोहीचे बाबा: मिळाला ना. सजावटीचा थर्माकोल आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहे, तरी मिळाला. वर चमकी. प्रदर्शन झाल्यावर सगळे प्रोजेक्ट शाळेच्या मागे ढिगात.

सुषमा मॅडम: यावर मात्र पालकसभेत बोला. पहिलीच्या मुलाचा प्रोजेक्ट घरी बापच करतो, मूल झोपलेलं असतं. त्यात त्या मुलाला काही कळत नाही. त्यापेक्षा एक काम द्यावं, त्याच्या हाताला जमेल असं. माझ्या वर्गात पेन्सिलीची सालं एका डबीत जमवायची आणि शुक्रवारी त्यांची चित्रं चिकटवायची, एवढंच असायचं. रफ वहीची पाठकोरी पानं संपल्याशिवाय नवीन वही नाही, हे दुसरं. सहा वर्षांच्या मुलाला दहा नियम सांगितले की दहाही विसरतो. एक दिला की घरी येऊन तुम्हालाच शिकवतो, आणि मग तुमची सुटका नाही.

आरोहीची आई: खरंय. गाडीत कागदाचा कप मी खाली ठेवला तर "मम्मा, कचरा खिशात" असं सगळ्यांसमोर.

ईशानची आई: वाढदिवसाचं पण बोला ना कोणी. प्रत्येक मुलाच्या वाढदिवसाला पिशवीभर प्लास्टिकची खेळणी येतात, संध्याकाळपर्यंत तुटतात.

जाधव वहिनी: सगळ्यांनी मिळून बंद करायला हवं, एकीने केलं तर तिच्याच मुलाला चिडवतात.

लीला आजी: एक एक पेन्सिल द्या आणि पुरे

रोहन: शुभ रात्री मंडळी. टाकी सफाईचा मेसेज वर गेला, परत टाका कोणीतरी.

सोमवार

ईशानची आई: रिपोर्ट. दोन पोळ्या दिल्या होत्या, दीड परत. भाजी संपली, काकडी संपली, सफरचंद जसंच्या तसं. विचारलं तर म्हणतो काळं पडतं म्हणून नको, आणि पोळी चावायला वेळ लागतो. ओरडले नाही. खूप आवरलं.

डॉ. मेघना: उद्यापासून एक पोळी, छोटे तुकडे करून. सफरचंदाऐवजी चिकू किंवा केळं. भूक लागली तर घरी आल्यावर मागेलच.

आरोहीची आई: आमच्याकडे पूर्ण रिकामा डबा. खरंच खाल्लं. तिच्या वर्गाच्या मॅडमनी बघितलंय.

आरोहीचे बाबा: सांगितलं होतं मी 😎

आरोहीची आई: पण ज्यूसचं खोकं परत आलं दप्तरात, सगळी पुस्तकं चिकट. ते कशात टाकायचं, कागद का प्लास्टिक?

नीलेश: कागद, प्लास्टिक आणि आतून अॅल्युमिनियम, तिन्ही एकत्र चिकटवलेलं असतं. विसळून, चपटं करून सुक्यात. ताईंना विचारतो घेतात का. मला विचाराल तर बाटलीत लिंबू सरबत द्या, हा प्रश्नच संपला.

सेक्रेटरी: पिंप ठेवायला कमिटीची हरकत नाही, महिनाभर बघू. वास किंवा घुशी दिसल्या तर त्याच दिवशी उचलणार. ही जबाबदारी नीलेश यांची, लेखी.

नीलेश: मंजूर.

साने काका: पाला चुरायला मी बसेन दुपारी. मुलं किती वाजता येतात?

ईशानची आई: एकला काका. आणि कुणाकडे लहान डबा आहे का, एका कप्प्याचा? तीन कप्प्यांचा बघितला की माझा हात भरतच राहतो.

आरोहीची आई: आरोहीचा बालवाडीतला स्टीलचा आहे. झाकणाचं रबर गेलंय, मार्केटमध्ये मिळेल. देऊ पाठवून?

ईशानची आई: पाठव.